थापटण्याची खूण : मध्ययुगीन ग्रामीण कुंभारकाम, खापर आणि संतचरित्र

१

मध्ययुगीन खेड्यातील उत्पादनव्यवस्थेचा विचार करताना साहित्याचा अभ्यासक आणि पुरातत्त्वाचा अभ्यासक यांची गाठ क्वचितच पडते, आणि पडली तरी ती बहुधा सोयीपुरती असते. संतचरित्रातील एखाद्या प्रसंगाला ऐतिहासिक पार्श्वभूमी हवी म्हणून पहिला उत्खननाच्या अहवालातील एखादे विधान उचलतो. खापरांच्या रुक्ष वर्गीकरणात थोडा जिवंतपणा यावा म्हणून दुसरा एखाद्या अभंगाचा हवाला देतो. दोघांचेही काम भागते. मात्र दोन्ही प्रकारच्या पुराव्यांची परस्परतपासणी होत नाही.

कुंभारकाम हे या परिस्थितीचे सर्वांत बोलके उदाहरण होय. कोणत्याही वसाहतस्थळावर सर्वाधिक संख्येने सापडणारी वस्तू म्हणजे खापर. दुसरीकडे मराठी, कन्नड आणि तमिळ या तिन्ही भक्तिपरंपरांनी एकेका कुंभाराला संतपद दिले आहे : तेरचा गोरोबा, भालकीशी परंपरेने जोडला गेलेला गुंडय्या आणि तिल्लैचा, म्हणजे चिदंबरमचा, तिरुनीलकंठ नायनार. वस्तू विपुल आणि कथाही विपुल, असा योग अन्य कोणत्याही ग्रामीण कारागिराच्या वाट्याला आलेला नाही. तरीही मध्ययुगीन गावातला कुंभार नेमके कसे काम करीत होता, या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडून तुटकच मिळते. या तुटकपणाचे स्वरूप काय आणि दोन पुरावे खऱ्या अर्थाने एकमेकांना कोठे भेटतात, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

२

प्रथम पुरातत्त्वाची बाजू. दख्खनमधील मध्ययुगीन ग्रामीण स्तरांकडे झालेले दुर्लक्ष हे काही अंशी उत्खननाच्या दिशेतूनच आले आहे. नेवासे हे परंपरेनुसार ‘ज्ञानेश्वरी’चे रचनास्थान. तेथे १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहासाकडून प्रागितिहासाकडे, असा त्या अहवालाच्या शीर्षकाचा आशय आहे. उत्खनक वरून खाली जातो. मुस्लिम-मराठा काळाचा स्तर सर्वांत वर असल्यामुळे तो प्रथम उचलला जातो, आणि संशोधकाचे मन मात्र खालच्या अश्मयुगीन व ताम्रपाषाणयुगीन थरांकडे लागलेले असते. तेरचीही स्थिती फारशी वेगळी नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’मधील तगर होय, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. तेव्हापासून तेरचे पुरातत्त्व प्रामुख्याने सातवाहनकाळाचे आणि रोमन व्यापाराचे पुरातत्त्व राहिले आहे. ज्या गावाने मराठीला कुंभारसंत दिला, त्या गावाच्या टेकाडांत शोध घेतला गेला तो मुख्यतः त्याच्या हजार वर्षे आधीच्या मातीकामाचा.

दुसरे कारण कालनिर्णयाशी निगडित आहे. राजधानीच्या किंवा व्यापारी केंद्राच्या मध्ययुगीन स्तराचा काळ ठरविताना झिलईची भांडी, चिनी मातीचे तुकडे आणि नाणी उपयोगी पडतात. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननात बहमनी काळाचा स्तर वेगळा ओळखता आला. लहान खेड्यात अशा वस्तू दुर्मीळ असतात. तेथे असतात ती स्वयंपाकाची मडकी, पाण्याचे घडे, परळ आणि झाकणे. त्यांचे घाट शतकानुशतके अगदी सावकाश बदलतात. म्हणून खेड्यातील खापर ‘मध्ययुगीन’ या एका ऐसपैस शब्दाखाली जमा होते आणि तेथेच राहते.

तिसरे कारण खुद्द उत्पादनतंत्रात आहे. भारतीय ग्रामीण कुंभाराचा आवा ही बहुधा कायमची वास्तू नसते. वाळलेली मडकी उतरंडीने रचायची, त्यांच्यामध्ये आणि भोवती गोवऱ्या, काटक्या, भुसकट, पाचट भरायचे, वर फुटक्या खापरांचे, राखेचे आणि चिखलाचे आवरण घालायचे आणि पेटवायचे. भाजणे संपले की आवा मोडला जातो. मागे राहते ती राख आणि भाजून लाल झालेली जमीन. बिघडलेली भांडी पुढच्या आव्यावर झाकण म्हणून जातात, म्हणजे उत्पादनाचा सर्वांत थेट पुरावा उत्पादकच वापरून संपवितो. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वात कुंभाराची भट्टी म्हटली की इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतील भट्टी आठवते. मध्ययुगीन खेड्यातील आव्याला तसे नाव मिळालेले नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

या संदर्भात एका प्रचलित मराठी म्हणीकडे पुरातत्त्वीय दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच, असे ती सांगते. अटळपणे उघड होणाऱ्या गोष्टीसाठी ती वापरली जात असली, तरी तिच्या तळाशी धंद्याचे अचूक निरीक्षण आहे. आव्याला लागणारा केरकचरा, राख आणि शेणकूट यांसाठी कुंभाराच्या घरातील बाईला उकिरडा चुकत नाही. पुरातत्त्वज्ञही अखेर उकिरड्यावरच येतो, कारण खापरांचा खरा साठा तेथे असतो. कुंभाराच्या दृष्टीने जे इंधन आणि जी टाकाऊ वस्तू, तेच संशोधकाचे साधन. फरक इतकाच की म्हण त्या जागेवर बाईला उभी करते. खापर तिच्याविषयी काही सांगत नाही.

३

ही उणीव पुरातत्त्वशास्त्राची नसून विशिष्ट तंत्राची आणि विशिष्ट नोंदपद्धतीची आहे, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सॉल्झबरीजवळील लॅव्हरस्टॉक येथे तेराव्या शतकातील कुंभारभट्ट्या उत्खननात सापडल्या. नॉर्थम्प्टनशायरमधील लाइव्हडेन या ओसाड झालेल्या खेड्यात १९६० च्या दशकापासून झालेल्या उत्खननांत कुंभाराची कामाची जागा आणि भट्ट्या वस्तीच्या आतच आढळल्या. तेथील भट्टी जमिनीत खणलेली, जाळ आत घेणारी मुखे असलेली आणि पुनःपुन्हा वापरली जाणारी होती. म्हणून ती टिकली. भट्टीच्या आसपास टाकून दिलेल्या वाकड्या, तडकलेल्या भांड्यांच्या राशीवरून कोणते भांडे कोठे तयार झाले हे ठरविता येते, आणि ते भांडे किती दूरवर विकले गेले याचा मागही काढता येतो.

याच्या जोडीला कागदपत्रे आहेत. जीन ल पातुरेल यांनी १९६८ मध्ये मध्ययुगीन कुंभारव्यवसायाच्या कागदोपत्री पुराव्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून माती खणण्याच्या परवानगीबद्दल जहागिरीला भरलेल्या रकमा आणि करनोंदींतील कुंभारांची नावे यांचे महत्त्व लक्षात आले. पॉटर्सपरीसारख्या गावाच्या नावातही हा व्यवसाय गोठून राहिला आहे. इंग्रज ग्रामीण कुंभार अशा रीतीने भट्टी, जमाखर्च आणि ग्रामनाम या तीन ठिकाणी सापडतो. तेथे तो मातीसाठी पैसे मोजणारा कूळ म्हणून दिसतो. त्याच्या अंतःकरणाविषयी त्या नोंदी मौन बाळगतात.

मराठी, कन्नड, तमिळ प्रदेशांत चित्र उलटे आहे. येथे कुंभाराच्या अंतःकरणाविषयी, त्याच्या व्रताविषयी आणि दांपत्यजीवनाविषयी कथा आहे, आणि आव्याची जागा मात्र रिकामी आहे. तौलनिक अभ्यासकाने हा फरक ‘व्यवहारी पश्चिम’ आणि ‘आध्यात्मिक पूर्व’ अशा झिजलेल्या द्वंद्वात बसविण्याचे कारण नाही. एका ठिकाणी मातीवर जहागिरीचा पैशात मोजला जाणारा हक्क होता, म्हणून नोंद झाली. दुसऱ्या ठिकाणी कुंभार बलुतेदार होता. भांड्यांच्या बदल्यात हंगामावर धान्य घेत होता. भांड्याभांड्याचा हिशेब लिहून ठेवण्याची गरज त्या व्यवहारात नव्हती. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याच्या देण्याघेण्याचे जे उत्तरकालीन वर्णन आहे, त्यावरून या व्यवहाराची बरीचशी भिस्त स्मरणावर आणि रूढीवर होती हे दिसते. स्मरणावर चालणाऱ्या व्यवस्थेत कारागिराची आठवणही कथेच्या वाटेने टिकली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

४

आता कथेची साक्ष. गोरोबाचा काळ परंपरेने तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याचा आरंभ असा मानला जातो. त्याच्या नावावर मोजकेच अभंग आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचा रोख निर्गुणानुभवाकडे आहे. धंद्याच्या तपशिलाला त्यांत थोडीच जागा आहे. कुंभार म्हणून गोरोबाची जी प्रतिमा मराठी मनात ठसली आहे, ती त्याच्या अभंगांपेक्षा त्याच्याविषयीच्या कथांमधून आलेली आहे. या कथा नामदेवाच्या नावावर असलेल्या चरित्रपर अभंगांत येतात, आणि त्यांना सर्वदूर पोहोचविणारे रूप मिळते ते महिपतीच्या ‘भक्तविजया’त, म्हणजे १७६२ मध्ये. महिपतीने आपल्या आधी नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांनी लिहिल्याचे स्वतःच नमूद केले आहे. कथेलाही थर असतात, आणि सर्वांत वरचा थर अठराव्या शतकाचा आहे. चिखल तुडविणाऱ्या गोरोबाचे चित्र तेराव्या शतकातील तेरचे आहे की महिपतीने प्रत्यक्ष पाहिलेल्या कुंभारवाड्याचे, हा प्रश्न खापराच्या कालनिर्णयाइतकाच काटेकोरपणे विचारला पाहिजे. संतसाहित्याच्या सामाजिक अन्वयार्थाची मराठीत समृद्ध परंपरा आहे, गं. बा. सरदारांच्या ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ने (१९५०) तिला भक्कम पाया दिला. परंतु कथेतील वस्तू आणि क्रिया यांच्या थरांचा वेगळा विचार या परंपरेत अभावानेच झाला आहे.

तिरुनीलकंठाच्या कथेची रचनाही अशीच थरांची आहे. सुंदररांच्या आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या नामावलीत तो केवळ एका उल्लेखापुरता येतो, आणि त्या उल्लेखात त्याची ओळख ‘कुंभार’ हीच आहे. बाराव्या शतकात सेक्किऴारच्या ‘पेरियपुराणा’त त्या उल्लेखाचे संपूर्ण चरित्र होते. शिवभक्तांना मातीची भिक्षापात्रे देणारा हा कुंभार वेश्येकडे जाऊन येतो. दुखावलेली पत्नी नीलकंठाची शपथ घालून ‘आम्हाला स्पर्श करू नका’ असे बजावते. तिच्या शब्दातील अनेकवचन ऐकून तो स्त्रीमात्राच्या स्पर्शाचा त्याग करतो. दोघे एका घरात वृद्ध होतात. पुढे योगिवेषातील शिव त्याच्याकडे ठेवायला दिलेले पात्र अदृश्य करतो आणि पत्नीचा हात धरून तळ्यात शपथ घेण्यास सांगतो. पतिपत्नी वेळूच्या काठीची दोन टोके धरून पाण्यात उतरतात, आणि पुन्हा तरुण होऊन बाहेर येतात.

गोरोबाच्या कथेशी असलेले याचे साम्य लक्षणीय आहे. तेथेही पत्नी विठ्ठलाची शपथ घालून स्पर्शाला मनाई करते. तेथेही शब्द अक्षरशः पाळला जातो : धाकट्या बहिणीशी विवाह लावून देताना सासऱ्याने दोघींना सारखेच वागविण्यास सांगितले, म्हणून गोरोबा दोघींनाही स्पर्श करीत नाही, आणि झोपेत स्पर्श घडला असे कळताच स्वतःचे हात तोडतो. एका कथेने दुसरीतून हा प्रसंग घेतला असे सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, आणि येथे त्याची आवश्यकताही नाही. विचारात घ्यायचे ते हे की, स्पर्शबंदीची शपथ दोन्ही भाषांतील परंपरांना कुंभाराच्याच घरात घालावीशी वाटली. ज्याचा सारा धंदा हाताच्या स्पर्शावर चालतो त्यालाच स्पर्श नाकारला जातो, हा विरोध कथेला बळ देतो हे उघडच आहे.

या विरोधाला आणखी एक, अधिक भौतिक बाजू आहे, आणि साहित्यसमीक्षेचे तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. मातीचे भांडे सच्छिद्र असते. ते धातूच्या भांड्यासारखे घासून शुद्ध होत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मृण्मय भांड्याला पुन्हा भाजण्याची शुद्धी सांगितली आहे, आणि काही अशुद्धींच्या बाबतीत तीही पुरेशी मानलेली नाही. व्यवहारात विटाळलेले मडके फोडून टाकले जाते. सुतकात, ग्रहणात मडकी बदलली जातात. विवाहाला, संक्रांतीच्या सुगडांना आणि अंत्यविधीला नवे मडके लागते. डॅनियल मिलर यांनी माळव्यातील डांगवाडा या गावाच्या मृद्भांड्यांचा जो अभ्यास १९८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्यातही जात, विधी आणि भांड्यांचे घाट यांचे हे गुंतलेले नाते दिसते. खेड्याच्या उकिरड्यावरील खापरांची रास केवळ हातून निसटलेल्या मडक्यांची नसते. तिच्यात स्पर्शाच्या नियमांनी फोडलेली मडकीही असतात. कुंभाराची मागणी अंशतः या नियमांवर टिकून होती. अस्पर्शाच्या शपथेची कथा कुंभाराच्या घरात घडते तेव्हा ही सामाजिक वस्तुस्थिती तिच्या पार्श्वभूमीला असते, मग कथाकाराला ती अभिप्रेत असो वा नसो.

५

कथा आणि खापर यांची सर्वांत निकट भेट होते ती मात्र एका हत्याराच्या ठिकाणी. ते हत्यार म्हणजे थापटणे. भारतीय मडक्याचा गोल बुडखा चाकावर पूर्ण होत नाही. चाकावर तोंड आणि गळा घडवून, जाड अंगाचे व बुडाशी उघडे भांडे दोऱ्याने कापून उतरवितात. ते थोडे सुकल्यावर आतून दगडाचा वा भाजलेल्या मातीचा गोल टेकू धरून बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत अंग पातळ करतात आणि बूड मिटवितात. बैद्यनाथ सरस्वती आणि नवकिशोर बेहुरा यांनी १९६६ मध्ये केलेल्या देशव्यापी तंत्रनोंदीत या पद्धतीचे अनेक प्रादेशिक प्रकार आढळतात. या क्रियेची खूण खापरावर राहते : आतल्या बाजूला टेकूचे उथळ खळगे आणि बाहेर थापटण्याचे सपाट पैलू. आवा नाहीसा झाला तरी ही खूण नाहीशी होत नाही. ग्रामीण उत्पादनाचा हा सर्वांत विश्वसनीय आणि सर्वांत कमी वाचला गेलेला पुरावा आहे. कारण वर्गीकरणात भर असतो तो काठाच्या घाटावर, अंगाच्या आतील बाजूवर नव्हे.

हेच थापटणे संतपरीक्षेच्या प्रसिद्ध कथेच्या केंद्रस्थानी आहे. तेरला जमलेल्या संतमंडळीत मुक्ताबाई गोरोबाकाकांना थापटण्याविषयी विचारते. मडके कच्चे की पक्के हे त्याने कळते, असे सांगून काका एकेकाच्या डोक्यावर थापटण्याने मारीत जातात. इतर शांत राहतात. नामदेव तक्रार करतो आणि कच्चा ठरतो. पुढे तो विसोबा खेचरांकडे जातो. या कथेचे विवेचन गुरूची आवश्यकता आणि अहंकाराचा निरास या अंगांनीच होत आले आहे.

तंत्राच्या दृष्टीने पाहता कथेत दोन वेगळ्या अवस्था एकत्र आल्याचे लक्षात येते. थापटणे हे भाजण्यापूर्वीचे, घडविण्याचे हत्यार आहे. भाजलेले मडके पारखायचे ते बोटाच्या टिचकीने आणि नादाने. कथेने हत्यार पहिल्या अवस्थेचे घेतले आणि परीक्षा दुसऱ्या अवस्थेची. यावरून कथाकाराला कुंभारकाम ठाऊक नव्हते, असा निष्कर्ष काढता येईल. पण तो उथळ ठरेल. ओलसर मडके थापटण्याचा मार सोसते आणि त्याने घडते. भाजलेले मडके आघाताला नादाने उत्तर देते. वाळलेले पण न भाजलेले मडके मात्र आघाताने तडकते. नामदेवाची स्थिती या तिसऱ्या प्रकारची आहे. आकार पूर्ण झाला आहे, अग्नी अद्याप लागलेला नाही. विठ्ठलाच्या सगुण सहवासात घडलेला पण गुरुरूप अग्नीतून न गेलेला भक्त, अशी नामदेवाविषयीची परंपरेची धारणा या तांत्रिक तपशिलात नेमकी बसते. घडविणारा मार आणि पारखणारा मार एकाच हत्यारात आणल्यामुळे परीक्षा हीच घडणीची सुरुवात होते. ज्याने ही कथा प्रथम रचली, त्याला धंद्याचे अज्ञान होते असे मानण्यापेक्षा त्याची जाण सूक्ष्म होती असे मानणे कथेला अधिक न्याय देणारे आहे.

कन्नड परंपरेत कुंभाराचा आघात वेगळ्या अर्थाने येतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या आरंभी होऊन गेलेल्या हरिहराच्या रगळेत गुंडय्या घडा वाजवीत नाचतो, आणि त्या नादाने प्रत्यक्ष शिव नाचू लागतो. तेथे आघात ही उपासना आहे. तेरच्या कथेत तो न्यायनिवाडा आहे. कुंभाराच्या अंगणात दिवसभर ऐकू येणारा तोच ठोका एका भाषेने संगीत म्हणून ऐकला, दुसरीने परीक्षा म्हणून. भालकी आणि तेर ही ठिकाणे दख्खनच्या एकाच पठारावर, मराठी-कन्नडच्या सरमिसळीच्या पट्ट्यात आहेत. या दोन भाषांचे सांस्कृतिक नाते रा. चिं. ढेरे यांनी दैवतांच्या अंगाने उलगडून दाखविले. कारागिरीच्या अंगानेही ते शोधण्यासारखे आहे.

गुंडय्याची पत्नी केतलदेवी हिच्या नावावरील वचन या संदर्भात विशेष मोलाचे ठरते. ते योग्य तऱ्हेने सिद्ध झालेल्या मातीच्या गरजेपासून सुरू होते आणि तेथून व्रताकडे वळते. अनेक प्रदेशांत चाकाला स्त्रीने हात लावू नये असा संकेत आहे. माती चाळणे, भिजविणे, मळणे, इंधन गोळा करणे, रंग देणे ही कामे मात्र तिची. चरित्रकारांनी कुंभाराच्या चाकाकडे आणि थापटण्याकडे पाहिले. कुंभाराच्या घरातील स्त्री बोलते तेव्हा मातीच्या तयारीपासून बोलते. गोरोबाच्या कथेत पत्नी पाण्याला जाते आणि मूल चिखलात सापडते. तो चिखल, ते पाणी, ते मूल आणि ते अंगण यांतून घर आणि कारखाना एकच असल्याची स्थिती दिसते; परंतु स्त्रीचे श्रम तेथे अनुपस्थितीच्या रूपानेच नोंदले गेले आहेत. खापरही त्यांच्याविषयी थेट बोलत नाही, तरी मातीत मिसळलेली राख, लीद आणि भुसा यांच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात. केतलदेवीचे वचन आणि खापराचा तो सूक्ष्म छेद हे दोन पुरावे एकत्र वाचले जाण्याची गरज आहे.

६

भारतीय तत्त्वपरंपरेत माती आणि घट यांचे उदाहरण फार जुने आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात माती सत्य आणि विकार केवळ नाममात्र, असा त्याचा रोख आहे. पुरातत्त्वाचा सारा व्यवहार याच्या नेमका उलट चालतो : माती सर्वत्र सारखीच दिसते, इतिहास असतो तो नाम-रूपात, काठाच्या वळणात, अंगाच्या जाडीत, थापटण्याच्या पैलूत. संतकथा या दोहोंच्या मध्ये उभी राहते. ती मडक्याला रूपक करते, पण रूपक उभे राहण्यासाठी तिला मडके घडविण्याच्या क्रियेचा आधार घ्यावा लागतो. ज्या ठिकाणी हा आधार अचूक असतो, तेथे कथा पुरावा म्हणून वाचता येते. तो ढळला असेल, तर ढळण्याचे कारण शोधावे लागते.

म्हणून तेरला दाखविले जाणारे गोरोबाचे घर खरे की खोटे, हा प्रश्न खापरांनी सोडवावा अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे, आणि ‘भक्तविजया’च्या आधारे एखाद्या स्तराला ‘गोरोबाकालीन’ म्हणणेही तितकेच चुकीचे. अशा वापरात कथा आणि खापर दोन्ही एका श्रद्धेची प्रमाणपत्रे बनतात आणि प्रत्यक्ष काम करणारा कुंभार दोन्हींतून निसटतो. त्याऐवजी दोन मर्यादित पण साध्य गोष्टी हाती घेता येतील. उत्खननाच्या अहवालांत मध्ययुगीन साध्या भांड्यांच्या आतील बाजूच्या खुणांची, मातीतील मिश्रणांची आणि भाजणीच्या दोषांची नोंद काठाच्या घाटांइतक्याच काळजीने व्हावी. आणि चरित्रग्रंथांच्या पाठचिकित्सेत कारागिरीच्या शब्दांतील पाठभेद किरकोळ मानून गाळले जाऊ नयेत. एका प्रतीत थापटणे आणि दुसरीत दुसरेच हत्यार असेल, तर तो फरक धंद्याच्या इतिहासाचाही फरक असू शकतो. मराठी, कन्नड आणि तमिळ परंपरांचे एकत्र वाचन या कामाला आवश्यक आहे, कारण यांपैकी कोणत्याही एका भाषेने कुंभाराचे सारे काम पाहिलेले नाही. एकीने पात्र देणारा हात पाहिला, एकीने आघाताचा ताल ऐकला आणि एकीने थापटण्याखालची परीक्षा. मळलेली माती मात्र एका स्त्रीच्या वचनात राहिली आहे, आणि तिच्यापासून अभ्यासाला आरंभ व्हायला हवा.